अमेरिकन म्हणजे ‘बिघडलेले इंग्रज’ नव्हेत

परवा बारावीतली एक मुलगी तिच्या खासगी क्लासची वही घेऊन माझ्याकडे आली. निबंध आवडत्या खेळावर होता आणि त्यात एका ठिकाणी तिने ‘सॉकर’ असा शब्द लिहिला होता. तपासणाऱ्या सरांनी त्याला लाल शाईने गोल करून समासात शेरा मारला होता : ‘हा अमेरिकन गावंढळपणा. खरं इंग्रजी शिका.’ मुलीने मला विचारलं, “मॅडम, माझी मावसबहीण न्यू जर्सीत वाढलीय. ती चुकीचंच बोलते का मग?”

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर ते फॉरवर्ड पुन्हा फिरून आलं. मथळा असा की अमेरिकन म्हणजे बिघडलेले इंग्रज. खाली मुद्दे : त्यांनी इंग्रजांची भाषा मोडून टाकली, त्यांना आडून केलेला विनोद कळत नाही, कर वाढला म्हणून त्यांनी चहा समुद्रात ओतला आणि अजूनही चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवतात, सगळं जग किलो-मीटरवर आलं तरी मैल-पौंड सोडत नाहीत. इंग्रजांचे दात तेवढे किडके, बाकी सगळं अस्सल. आणि शेवटी, महायुद्धात अमेरिकन सैनिक इंग्लंडात उतरले तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात.

वीसेक वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे. हे हसून सोडून देणं मला जमलं नाही. यातलं बहुतेक चुकीचं आहे, आणि त्याचा भुर्दंड त्या मुलीसारख्या पोरांना बसतो.

‘सॉकर’ हा शब्द अमेरिकेत जन्मलेलाच नाही. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. रग्बीच्या फुटबॉलपासून वेगळा ओळखू यावा म्हणून तिच्या नियमांनी चालणारा खेळ झाला ‘असोसिएशन फुटबॉल’. त्या काळी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्द तोडून त्याच्या शेपटीला ‘अर’ जोडायची खोड होती. रग्बीचं त्यांनी ‘रगर’ केलं, आणि असोसिएशनमधला ‘सॉक’ उचलून ‘सॉकर’. पुढे विसाव्या शतकात ब्रिटिश वर्तमानपत्रं हा शब्द बिनदिक्कत छापत होती. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा वेगळा फुटबॉल होता, म्हणून तिकडे या खेळाला ‘सॉकर’ हेच नाव चिकटलं. मग गेल्या चाळीसेक वर्षांत तो शब्द ‘त्यांचा’ वाटायला लागला आणि ब्रिटिशांनी तो टाकला. म्हणजे सरांनी लाल शाईने ज्याला गोल केला, ती ऑक्सफर्डची देणगी आहे.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शरद ऋतूला अमेरिकन ‘फॉल’ म्हणतात. पानं गळण्याचे दिवस या अर्थाने तो शब्द सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडातच चालत होता, वसाहतवाल्यांनी तो सोबत नेला. मागे राहिलेल्यांनी फ्रेंचमधून आलेला ‘ऑटम’ पसंत केला. ‘गेट’चं ‘गॉटन’ हे रूपही असंच जुनं, इंग्लंडातून गेलेलं. ‘अॅल्युमिनम’ ऐकून हसणाऱ्यांना तर हम्फ्री डेव्ही आठवायला हवा. हा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. धातूला नाव दिलं त्यानेच, आणि १८१२ साली त्याने ते ‘अॅल्युमिनम’ असंच लिहिलं. इतर मूलद्रव्यांच्या नावांशी यमक जुळावं म्हणून ‘इयम’ लावला तो दुसऱ्यांनी, मागाहून.

आणि तो ‘र’. वर्गात माझ्या मुलांना ‘कार’, ‘वॉटर’ म्हणताना शेवटचा ‘र’ स्पष्ट उच्चारायची सवय असते. मग कुणीतरी त्यांना सांगतं की साहेब तो ‘र’ गिळतो, तुम्हीही गिळा. अमेरिकन तो घोळवतात ते अडाणी म्हणून. पण अमेरिका स्वतंत्र झाली त्या काळात इंग्लंडातलेही बहुतेक लोक तो ‘र’ उच्चारत होते. तो गिळण्याची चाल दक्षिण इंग्लंडात प्रतिष्ठेची झाली ती साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. स्कॉटलंड आणि आयर्लंडात लोक आजही ‘र’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. ‘कलर’मधला ‘यू’ अमेरिकेत रुळू दिला नाही तो ठरवून. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने आधी १८०६ साली आणि मग १८२८ च्या मोठ्या शब्दकोशात नव्या देशासाठी सुटसुटीत लेखन मांडलं. पण त्याच यादीत लोक ‘ऑर्गनाइझ’मध्ये ‘एस’ऐवजी येणारा ‘झेड’ही घालतात, आणि तिथे फसतात. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश स्वतः ‘झेड’च छापतो.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या लोकांची मराठी पुण्याहून गेलेल्या पाहुण्याला चमत्कारिक वाटते. तिथे तमिळचा शेजार आहे खरा, पण आपण इकडे टाकून दिलेली जुनी रूपंही तिथल्या घरांत जपली गेली आहेत. ती बिघडलेली मराठी आहे, असं कुठला भाषेचा अभ्यासक म्हणेल? घर सोडून गेलेला कधीकधी आजीचे शब्द जपतो आणि घरात राहिलेला ते बदलतो.

आता विनोदाचं. अमेरिकनांना तिरकस बोलणं कळत नाही, हा समज ब्रिटिशांना फार प्रिय आहे. मला यावर १७७३ सालचा एक प्रसंग सांगायचा आहे. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा अमेरिकेतल्या वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये होता. त्याने एका लंडनच्या वर्तमानपत्रात निनावी मजकूर छापून आणला : प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाचं फर्मान. त्यात राजा म्हणतो की ब्रिटन बेट मुळात जर्मन लोकांनी वसवलं, तेव्हा ती आमची वसाहत. तिने आता आम्हाला जकात द्यावी, लोखंडाचे कारखाने काढू नयेत, आणि आमच्या तुरुंगातले गुन्हेगार आपल्याकडे वसवून घ्यावेत. इंग्लंड अमेरिकेला जे जे सांगत होतं तेच शब्द, फक्त तोंड फिरवलेलं. त्या दिवशी फ्रँकलिन एका उमरावाच्या घरी पाहुणा होता. घरातला एक माणूस सकाळी हातात वर्तमानपत्र घेऊन धापा टाकत आत आला आणि सांगू लागला की प्रशियाचा राजा आपल्या राज्यावर हक्क सांगतोय! परिच्छेद-दोन परिच्छेद वाचून झाले तेव्हा कुठे त्याची नजर फ्रँकलिनकडे वळली आणि त्याला वाटलं, ही या अमेरिकनाचीच थट्टा दिसते. हे सगळं फ्रँकलिनने आपल्या मुलाला पत्रात लिहून कळवलं आहे. न कळणारा तिथे कोण होता, ते उघड आहे.

चहाची गोष्टही त्याच वर्षातली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. पण कर वाढला म्हणून नव्हे. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासूनचाच होता. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला वसाहतींत थेट चहा विकायची मुभा दिली आणि चहा उलट स्वस्त होणार होता. भांडण दोन गोष्टींचं होतं. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही तिने आमच्यावर कर का बसवावा. आणि एका कंपनीला मक्ता मिळाला तर इथल्या व्यापाऱ्यांनी, चोरून डच चहा आणणाऱ्यांनीसुद्धा, काय करावं. त्या पेट्यांतला चहा चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोचायला अजून सहा दशकं होती. आणि ही तीच कंपनी, जिच्याशी दोन वर्षांनी राघोबादादा सुरतेत तह करणार होते. त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. बोस्टनचं बंदर आपल्यापासून वाटतं तितकं दूर नव्हतं.

मायक्रोवेव्हचा मुद्दा संस्कृतीचा नाही, विजेचा आहे. ब्रिटनमध्ये घरातली वीज २३० व्होल्टची, आणि तिथली किटली तीन किलोवॅटपर्यंत खेचते. अमेरिकेत साध्या प्लगला १२० व्होल्ट मिळतात, म्हणून तिथली किटली दीड किलोवॅटच्या आसपास अडकते. लिटरभर पाणी उकळायला ब्रिटनमध्ये दोन मिनिटं लागतात, अमेरिकेत जवळजवळ चार. एका कपासाठी एवढं थांबण्यापेक्षा लोक कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. शिवाय अमेरिकेत प्यायला जाणारा बहुतेक चहा बर्फ घातलेला असतो.

मापांचं थोडक्यात. ब्रिटनच्या रस्त्यांवर आजही मैलांच्याच पाट्या आहेत, पबमध्ये बिअर पिंटमध्येच मिळते आणि माणसं स्वतःचं वजन ‘स्टोन’मध्ये सांगतात. अमेरिकन गॅलन लहान आहे कारण तो इंग्लंडचा जुना, ॲन राणीच्या काळातला वाइनचा गॅलन आहे. ब्रिटिशांनी १८२४ साली आपला गॅलन बदलला, अमेरिकनांनी बदलला नाही. पुन्हा तेच, आजीचं भांडं नातवाकडे.

दातांच्या बाबतीत अन्याय उलट बाजूने होतो आणि तोही मला खटकतो. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या प्रौढांची तुलना छापून आली. पडलेल्या दातांची सरासरी इंग्लंडात ६.९७, अमेरिकेत ७.३१. गरीब-श्रीमंतांमधली दरीही अमेरिकेत जास्त होती. अमेरिकन पडद्यावर दिसणारे पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात पैसे मोजून घेतलेले असतात; ते नाहीत म्हणून दात किडके ठरत नाहीत.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच. महायुद्धात अमेरिकन सैनिक नकोसे झाले होते, हे कुणी ऐकीव म्हणून सांगतं तेव्हा त्यात थोडं खरं असतं. जून १९४४ पर्यंत पंधरा लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये होते. त्यांचा पगार ब्रिटिश शिपायापेक्षा कितीतरी जास्त, हातात सिगारेटी-चॉकलेटं, आणि समोर रेशनवर जगणारी माणसं. कुरकुर झालीच. पण हे होणार हे अमेरिकेच्या युद्धखात्याला आधीच ठाऊक होतं. १९४२ साली त्यांनी सैनिकांच्या हातात एक लहानशी पुस्तिका दिली. तिच्यात सांगितलं होतं की पैशाचा डौल मिरवू नका; आगगाडीत ब्रिटिश माणूस तुमच्याशी बोलला नाही तर तो माजोरी आहे असं समजू नका, साडेचार कोटी माणसं एका चिंचोळ्या बेटावर राहतात तेव्हा जो तो दुसऱ्याच्या खासगीपणाला जपायला शिकतो. त्यांना चांगली कॉफी करता येत नाही, तुम्हाला चांगला चहा, फिटंफाट. एकमेकांना पाण्यात पाहणारे असं लिहितील का? आणि युद्ध संपल्यावर सुमारे सत्तर हजार ब्रिटिश मुली अमेरिकन सैनिकांच्या बायका म्हणून समुद्र ओलांडून गेल्या.

‘ब्रिटिश’ आणि ‘अमेरिकन’ असे दोन सरळ कप्पे करणाऱ्यांनी इंग्लंडातल्या लँकशरमधलं बॅम्बर ब्रिज हे गाव आठवावं. तिथे काळ्या अमेरिकन सैनिकांची ट्रकची पलटण होती. अमेरिकन लष्करात तेव्हा काळे आणि गोरे वेगळे ठेवले जात; ते थांबवण्याचा हुकूम निघाला १९४८ साली. गावातल्या पबनी काळ्यांना वेगळं ठेवावं असा अमेरिकन अधिकाऱ्यांचा आग्रह होता. त्यावर गावातल्या पबांनी दारावर ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्या, असं सांगितलं जातं. २४ जून १९४३ च्या रात्री गवताच्या छपराच्या ‘ये ओल्ड हॉब इन’ या पबमध्ये गोरे अमेरिकन लष्करी पोलीस एका काळ्या सैनिकाला गणवेशावरून पकडायला आले. गावकरी आणि तिथे असलेल्या ब्रिटिश लष्करातल्या मुली सैनिकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेवढ्यापुरते पोलीस मागे हटले, पण पुढे रस्त्यात गाठ पडलीच आणि गोळ्या चालल्या. विल्यम क्रॉसलंड नावाचा काळा सैनिक पाठीत गोळी लागून मेला. बंडाबद्दल शिक्षा झाल्या त्या काळ्या सैनिकांना. पुढे त्यांच्याच जनरलने दोष मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांवर आणि पोलिसांवर ठेवला आणि शिक्षा कमी झाल्या.

ब्रिटिश देवमाणसं होती असं यावरून म्हणणार नाही. त्याच १९४३ मध्ये त्यांच्याच राज्यात बंगालात लाखो माणसं उपाशी मरत होती. पण त्या रात्री बॅम्बर ब्रिजच्या लोकांना अमेरिकन नकोसे झाले नव्हते. आपल्या पबमध्ये बिअर पिणारा कोण आणि त्याला ओढून न्यायला आलेला कोण, हे त्यांना नीट दिसत होतं, आणि दोघंही अमेरिकनच होते.

त्या मुलीच्या वहीत लाल गोलाखाली मी पेन्सिलीने ‘ऑक्सफर्ड’ असं लिहून दिलं. तिने ते सरांना दाखवलं की नाही, अजून विचारलेलं नाही.