कोड उघडा आहे म्हणजे मोठ्या कंपनीच्या हातात काही उरत नाही, हे खरं नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. सार असं की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, मोठ्या कंपन्या आल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण पटलं नाही तर कोणीही फोर्क करू शकतं (तोच कोड घेऊन आपली वेगळी आवृत्ती काढू शकतं), कोड सगळ्यांना दिसतो, बहुतेक काम त्याच कंपन्या करतात आणि एकदा दिलेलं लायसन्स, म्हणजे कोड वापरायची आणि बदलायची परवानगी, परत घेता येत नाही. चारही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, त्यामुळेच त्या पटकन पटतात, पण उरलेलं अर्धं सांगायलाच हवं.

फोर्कपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होतेय. अँड्रॉइड घ्या. मूळ कोड उघडा आहे, कोणीही घ्यावा. 2019 मध्ये अमेरिकेने हुआवे या चिनी फोन कंपनीवर निर्बंध घातले तेव्हा हा कोड त्यांच्याकडे होताच, वर हजारो इंजिनियर होते, पैसा होता, फोन बनवायची सगळी यंत्रणा होती. नवीन फोनवरून गेलं काय, तर प्ले स्टोअर आणि गुगलच्या प्ले सर्व्हिसेस. तेवढ्याने चीनबाहेरचा त्यांचा फोनचा धंदा बसला! कारण ॲप्स ज्यावर उभी असतात तो भाग उघड्या कोडमध्ये नाहीच: नोटिफिकेशन गुगलच्या सर्व्हरवरून येतं, ॲपमधला नकाशा प्ले सर्व्हिसेसमधून येतो, आणि बऱ्याच बँकांची ॲप्स सुरू होताना आधी गुगलकडून खात्री करून घेतात की हा फोन मान्यताप्राप्त आहे का, नसेल तर पुढे जातच नाहीत.

आणि गुगलच्या फोन कंपन्यांशी असलेल्या करारांचं काय? 2018 मध्ये युरोपियन कमिशनने गुगलला 4.34 अब्ज युरो दंड ठोकला, त्यातलं एक कारण हेच होतं की ज्या कंपनीला प्ले स्टोअर हवंय तिने गुगलने मान्य न केलेल्या अँड्रॉइड फोर्कवर चालणारा एकही फोन विकायचा नाही अशी अट होती. 2022 मध्ये कोर्टाने रक्कम थोडी कमी केली, 4.125 अब्ज, पण निर्णय बहुतांशी कायम ठेवला. म्हणजे लायसन्स म्हणायचं फोर्क करा आणि करार म्हणायचा केलात तर स्टोअर विसरा. मेसेज लिहिणाऱ्याने फक्त लायसन्स वाचलंय.

फोर्क चालतात, हे मान्य. ओपनऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर ज्या सन कंपनीकडे होतं ती ओरॅकलने विकत घेतल्यावर 2010 मध्ये त्यातून लिबरऑफिस निघालं आणि आज लोक तेच वापरतात. पण तिथे मूळ काम करणारी मंडळीच उठून गेली, आणि ते प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्यामागे कोणाचा स्टोअर किंवा सर्व्हर नाही. फरक तिथे पडतो.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सुरक्षित, हा दुसरा मुद्दा. मार्च 2024 मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा, म्हणजे फाइल्सचा आकार कमी करणाऱ्या एका लायब्ररीचं. एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत असलेला प्रोजेक्ट, त्यात कोणीतरी खोट्या नावाने दोनेक वर्षं नीट काम करत विश्वास कमावला, मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) झाला आणि मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं. ते दार चालू करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे जिथे सगळे कोड बघतात तिथे, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वापरायला दिलेल्या गठ्ठा फाइलमध्ये) होती, बाकीचा माल टेस्टच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइल्समध्ये लपवलेला, मग बघणाऱ्याला दिसणार काय? ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने, कारण एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून लॉगिन करायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो खणत गेला. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ही एका माणसाची चिकाटी होती, एवढी महत्त्वाची लायब्ररी तपासत बसायची जबाबदारी कोणत्याच कंपनीने घेतलेली नव्हती.

इथूनच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळतं. लिनक्स कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, बहुतेक काम पगारी लोक करतात, बरोबर. पण कंपनी पैसा तिथे लावते जिथे तिचं स्वतःचं काम अडतं, बाकीचं फुकट वापरते. 2014 मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक बाहेर आली तेव्हा कळलं की ती ज्यात होती त्या ओपनएसएसएलला (वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारी लायब्ररी) वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ माणूस एकच. इंटरनेटवरच्या असंख्य वेबसाइट्स त्याच्यावर, त्यात या कंपन्याही! बोंब झाल्यावर लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे आले, त्याआधी नाही.

राहिलं लायसन्स. जुनी आवृत्ती उघडीच राहते हे खरंय, पण सिक्युरिटीचे फिक्सेस नवीनमध्ये येतात. इलॅस्टिकसर्चने (शोध घेणारं सॉफ्टवेअर) 2021 मध्ये, टेराफॉर्मने (सर्व्हर उभे करायचं) 2023 मध्ये, रेडिसने (डेटा साठवायचं) 2024 मध्ये पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदललं. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या या काही बलाढ्य कंपन्या नव्हत्या, इलॅस्टिकसर्चवाल्या इलॅस्टिकने तर उघड सांगितलं की ॲमेझॉन आमचंच काम विकतंय म्हणून बदलतोय. रेडिसचा फोर्क व्हॅल्की काही दिवसांत उभा राहिला, पण मागे ॲमेझॉन, गुगल आणि ओरॅकल होते. फोर्कचा हक्क सगळ्यांना आहे पण तो एवढ्या झपाट्याने वापरायची ताकद कोणाकडे होती बघा.

म्हणून एखादा प्रोजेक्ट निवडताना लायसन्सच्या पलीकडचंही बघा, ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, मर्ज करायचा (बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा) अधिकार किती जणांना आहे आणि ते सगळे एकाच कंपनीत आहेत का, योगदान देताना कॉपीराइटबद्दल कशावर सही करून घेतात, आणि ज्यांच्यावर तो प्रोजेक्ट चालतो त्यांना पगार कोण देतं.