नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, आणि मग?

व्हिज्युअल स्टुडिओत डेटाबेस फॉर्मला जोडून देणारा जो विझार्ड असतो, त्याचं आणि माझं बोलणं ठरलेलं असतं. तो म्हणतो नेक्स्ट, मी म्हणतो बरं. सर्व्हर निवडा, टेबल निवडा, टेस्ट कनेक्शन दाबा, सक्सीडेड आलं की आपणच काहीतरी केल्यासारखी मान हलवायची आणि फिनिश. फॉर्मवर ग्रिड येते, ग्रिडमध्ये डेटा येतो, साहेब म्हणतात "अरे, इतक्यात झालं?" आणि त्या इतक्यातवरच पुढची डेडलाईन ठरते.

मग साहेबांना "फक्त एवढं एक छोटंसं" हवं असतं. दोन टेबलांचा डेटा एकाच ग्रिडमध्ये, तिथेच एडिट, तिथेच सेव्ह. क्वेरीत जॉईन (दोन टेबलं जोडणारा भाग) टाकला की टेबलअडॅप्टर, म्हणजे विझार्डने बनवलेला डेटा आणणारा-नेणारा कोड, सिलेक्ट मुकाट्याने घेतो पण इन्सर्ट, अपडेट, डिलीट बनवून द्यायला सरळ नकार. बरं म्हणून त्याने आधी एकाच टेबलासाठी बनवलेलं अपडेट उघडून बघावं तर वेअरमध्ये (कुठली रो बदलायची ते सांगणाऱ्या अटीत) प्रत्येक कॉलमची चौकशी, जुनी किंमत अजून तीच आहे का, नल, म्हणजे रिकामी, होती का, असली तर अजून नलच आहे का, फोन नंबर बदलायचाय बाबा, जमिनीचा सातबारा नाही काढायचा! (मधल्या वेळात दुसऱ्या कुणी ती रो बदलली नाही ना, हे तो बघत असतो. पण हे कळेपर्यंत माझ्या शिव्या देऊन झालेल्या असतात.) आणि हे हाताने दुरुस्त करायला डिझायनरच्या फाईलीत शिरावं तर वरच पाटी, कोड परत जनरेट झाला की तुमचे बदल जातील. आणि जातात.

जाणकारांना विचारलं की एकच उत्तर, आधी एडीओ डॉट नेट शिक, म्हणजे विझार्डशिवाय, हाताने कोड लिहून डेटाबेसशी बोलायला. कनेक्शन उघड, कमांड लिही, पॅरामीटर घाल, रीडर फिरवून एकेक रो वाच, बंद कर. ऐकायला सोपं आहे, पण तीस कॉलमचं इन्सर्ट हाताने टाईप करणाऱ्याचा एक पॅरामीटर हटकून राहतोच, आणि नेमकं कनेक्शन बंद करायचं विसरलं की मजा बघा. पूलमध्ये, म्हणजे परत परत वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात, मुळात १०० च कनेक्शनं, सगळी अडकली की पुढचा माणूस १५ सेकंद ताटकळतो आणि टाईमआऊट खातो. डेव्हलपरच्या मशीनवर मात्र हे कधीच होत नाही, कारण तिथे युजर एकच, तो स्वतः.

ओआरएमवाले (टेबलांचे आपोआप ऑब्जेक्ट करून देणाऱ्या टूलवाले) तिसरे. एसक्यूएल लिहायचंच नाही म्हणतात. त्यांची ऑर्डरींची यादी झकास दिसते, लेझी लोडिंग (जोडलेला डेटा लागेल तेव्हाच आणायचा) चालू असतं, आणि लॉग उघडला की १०० ऑर्डरींसाठी १०१ क्वेऱ्या, एक यादीची आणि प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाच्या नावासाठी एकेक. जॉईन काय असतो हे ज्याला माहितीये तो लॉग बघून किंचाळतो, बाकीचे सर्व्हरची रॅम वाढवून मागतात.

म्हणून ऑफिसातल्या नव्या पोराला मी सांगितलं, टूल वापर खुशाल, पण आधी यूझिंग ब्लॉकमध्ये (तो संपला की कनेक्शन आपोआप बंद होतं) रीडर लिहून बघ. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "दादा, पण हे रीडरमधून ऑब्जेक्ट भरून देणारं काहीतरी असेल ना?"

वाईट हेच की असतं. डॅपर. क्वेरी आपण लिहायची, ऑब्जेक्ट ते भरतं. नाव अजून सांगितलेलं नाहीये मी त्याला, दोन-चार रीडर हाताने लिहू देत आधी.