टेप पुरली, फूटपाथ संपला

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरावा म्हणून सेक्रेटरींना एरवी दारोदार बेल वाजवत फिरावं लागतं. गेल्या शनिवारी मात्र मीटर रूमसमोर खुर्च्या कमी पडल्या. विषय होता, ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत, म्हणजे तळ्याच्या काठापर्यंत, सुखाने चालता यावं म्हणून रहिवाशांच्या सूचना. मेंटेनन्स द्यायचा नव्हता, सूचना द्यायच्या होत्या.

मसुदा माझ्या गळ्यात पडला. ‘तुम्ही लिहिता ना!’ या एका वाक्यावर लोकांनी माझ्याकडून लग्नपत्रिका, श्रद्धांजली आणि ‘लिफ्टमध्ये थुंकू नये’ हे सगळं लिहून घेतलंय.

तळमजल्यावरच्या काकांनी नारळ फोडला. राममारुती रोड रविवारी संध्याकाळी गाड्यांना बंद करा. दिवाळी पहाटेला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून काय ठाणं बंद पडतं? टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांच्याच मुलाने विचारलं, ‘बाबा, रविवारी आपली गाडी कुठून काढायची?’ काका म्हणाले, ‘अरे, आपली गाडी म्हणजे काय गाडी आहे का? आपण इथलेच.’

मग फेरीवाले. ‘सगळे हटवा’ असं मी लिहायला घेतलं. वहिनी म्हणाल्या, कोथिंबीरवाली मावशी सोडून. ती मिरच्या वरून घालते. मग चावीवाला सुटला, चपला शिवणारा सुटला, गजरेवालीला तर आवाजी मतदानाने अभय मिळालं. शेवटी मोबाइलची कव्हरं विकणारा एकटाच उरला. त्याच्याकडून आमच्यापैकी कोणी काही घेतलेलं नव्हतं. 2014 च्या कायद्याने हे काम नगर पथविक्रेता समितीला दिलंय, आम्ही ते चहा येईपर्यंत उरकलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी इतका वेळ गप्प होत्या. वय 78, गुडघे त्याहून थोरले. म्हणाल्या, ‘मला दोनच गोष्टी हव्यात. वाटेत टेकायला बाकडं आणि स्वच्छ बाथरूम. तळ्यावर जायचं असलं ना, की मी दुपारपासून पाणी पीत नाही.’

कोणी काही बोललं नाही. मी लिहून घेतलं. (पूर्ण मसुद्यात खाडाखोड नसलेली ही एवढीच ओळ आहे.)

मग सेक्रेटरींनी घसा खाकरून विचारलं, बाकडं नेमकं कुठे? बाकडं सगळ्यांनाच हवं होतं, आपल्या खिडकीखाली कोणालाच नको. रात्री पोरं बसतात, गप्पा मारतात, सिगरेटचा धूर वर येतो. अखेर ‘पुढच्या सोसायटीसमोर’ असा ठराव एकमताने झाला. पुढची सोसायटी मीटिंगला नव्हती.

रविवारी सकाळी सात वाजता पाहणी. काकांची सून सिव्हिल इंजिनियर. तिने आदल्या रात्रीच धडा दिला होता. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने वस्तीतल्या फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, बाजारपेठेत 2.5 आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. मोजायला मी बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली. ती 60 इंची, म्हणजे जेमतेम दीड मीटर. टेप कमी पडणार ही धाकधूक घेऊन मी निघालो.

टेप कमी पडलीच नाही. भिंतीपासून सुरुवात केली की आधी झाडाचा पार लागायचा, तो सुटला तर विजेचा डीपी, तोही सुटला तर कोणीतरी वाळत घातलेली गादी.

पहिल्या पावसानंतरचे दिवस. कुठला पेव्हर ब्लॉक सैल आहे हे दिसत नाही, पाय ठेवल्यावर कळतं. आणि पाय ठेवणाऱ्याला नाही, शेजारच्याला कळतं. काकांनी पाऊल टाकलं, खालून ‘पच्च’ असा आवाज आला आणि सेक्रेटरींच्या पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्यापर्यंत नक्षी उठली. त्यांनी लगेच ब्लॉकचा फोटो काढला. लेंग्याचा सूनबाईंनी काढला.

खरी गंमत गेटांची. गाड्या आत-बाहेर करायला म्हणून प्रत्येक सोसायटीपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि गेट संपलं की पुन्हा चढतो. कोपऱ्यापर्यंत अकरा गेटं, म्हणजे आजींना अकरा उतार आणि अकरा चढ. हिला आपण ‘सपाटीवरची फेरी’ म्हणतो! याच्यापेक्षा येऊरचा डोंगर बरा, तो एकदाच चढायचा असतो. पाचव्या गेटानंतर आजी फूटपाथ सोडून सरळ रस्त्यावरून चालू लागल्या. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आजींनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तोच फूटपाथवर जातो की काय असं वाटलं.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून आगगाडी 34 किलोमीटर पार करून चारशे माणसांना ठाण्यात घेऊन आली. त्यांच्यातलं कोणी पुढे चालत तळ्यापर्यंत पोचलं का, हा विचार तेव्हा प्रथमच माझ्या मनात आला.

परतताना आमच्याच गेटापाशी सूनबाईंनी शेवटचं माप घ्यायला लावलं. सगळ्यांत अरुंद जागा, 22 इंच. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला निळी स्कूटर.

‘कोणाची आहे ही?’ सेक्रेटरी कडाडले. ‘नंबर लिहा. नावासकट द्या!’

मी लिहायला लागलो. पहिले चार आकडे सराईतपणे आले. मग हात थांबला, कारण मी स्कूटरकडे न बघताच लिहीत होतो.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिशात किल्ली चाचपली, म्हटलं, लगेच काढतो. तेवढ्यात आजी पुढे आल्या, पदराने सीट पुसली, तिरक्या बसल्या आणि दोन्ही पाय सैल सोडून म्हणाल्या, ‘हलवू नकोस रे. घर आणि तळं यांच्यामध्ये टेकायला एवढी एकच जागा आहे.’

मसुद्यात सूचना क्रमांक नऊची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.