बारा क्लबांचं पाणी

सतत क्लब बदलणाऱ्या एका फुटबॉलपटूवरच्या लेखात या मिडफिल्डरला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) 'बारा क्लबांचं पाणी प्यायलेला' म्हटलंय, ते जरा टोमण्यासारखं वाटलं. अहो, हौस म्हणून कोण क्लब बदलतो? करार संपतो, नवा मिळत नाही. १९९५ च्या आधी तर युरोपात बऱ्याच ठिकाणी करार संपला तरी दुसऱ्या क्लबाकडून पैसे मिळाल्याशिवाय क्लब सोडत नसे. बेल्जियमचा बोसमनही मिडफिल्डरच. १९९० मध्ये त्याच्या लिएज क्लबने त्याचा पगार ७५ टक्के कापायचं ठरवलं, वर फ्रान्सच्या डंकर्क क्लबात जाऊही दिलं नाही. कोर्टात पाच वर्षं गेली, करार संपलेल्या खेळाडूला फुकट जाता येईल असा निकाल लागेस्तोवर त्याचं करिअर जवळपास आटोपलेलं. मलई खाल्ली पुढच्या स्टार मंडळींनी!

आणि नव्या क्लबात गेल्यावर डाव्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) पास थेट पायात हवा की पुढच्या मोकळ्या जागेत, हे आठवड्याभरात ओळखावं लागतं. हायलाइट्समध्ये ते कुठे दिसणार?