नो सिग्नल

कॉम्प्युटर मुलासाठी घ्यायचा आहे, हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. मुलगा तेव्हा अकरावीत. त्याला कोडिंग करायचंय, थ्रीडी डिझाइन शिकायचंय, जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही, असं मी बायकोला पटवलं. मुलाला ही बातमी दोन दिवसांनी दिली.

खरं कारण वेगळंच. मी कॉलेजात असताना आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच्याच घरी पेंटियम होता. त्यावर अर्धा तास गाडी पळवायला मिळावी म्हणून मी त्याच्या आईची दळणं गिरणीत नेऊन टाकलेली आहेत. शेचाळिसाव्या वर्षी, घराचे हप्ते संपत आलेले असताना, स्वतःचा गेमिंग पीसी असावा असं वाटलं तर काय चुकलं? पण असं उघड म्हणायची सोय नसते. म्हणून अभ्यास.

बजेट ठरलं ५५,००० रुपये. आईने विचारलं, "त्याच्यावर सिरियल दिसतील का?" मी हो म्हटलं. आई समाधानाने उठली, निळ्या स्लिपर पायात सरकवल्या आणि फ्रिज उघडायला गेली. फ्रिजपाशी ती अनवाणी कधीच जात नाही. फरशी गार लागते म्हणून, अशी माझी आजवरची समजूत.

सल्लागार म्हणून भाचा होता. सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला मी कुठलाही पार्ट सुचवला की तो एकच वाक्य बोलायचा, "मामा, बॉटलनेक होईल." म्हणजे प्रोसेसर दांडगा आणि ग्राफिक्स कार्ड मरतुकडं घेतलं, किंवा उलट केलं, तर महागाचा पार्ट स्वस्तातल्या पार्टची वाट बघत बसतो. पंगतीला माणसं पन्नास आणि वाढपी एक, तसं. मग एकाच्या बरोबरीला आणायला दुसरा दोन हजारांनी वाढवायचा, त्याच्या बरोबरीला तिसरा. असं करत आम्ही चार रात्रींत ५५ वरून ७६ हजारांवर पोचलो. प्रत्येक पायरीवर वाढले मात्र 'फक्त दोन हजार'च.

शिवाय ती नावं! एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ५६०० वेगळा आणि रायझन ५ ५६००जी वेगळा. शेवटी 'जी' असेल तर प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र काढायची सोय, असतं, नसेल तर नसतं. इंटेलची तऱ्हा उलटी, तिथे मागे 'एफ' लागला की ग्राफिक्स नाही. रॅमचंही तेच. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोघींना पिना २८८च, पण मधली खाच किंचित सरकवलेली, एकीच्या जागी दुसरी शिरू नये म्हणून. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेच्या, मदरबोर्डांना डीडीआर५च लागते. ते परवडेना, म्हणून आम्ही आधीच्या एएम४ वर राहिलो. मी हे सगळं ताळेबंदासारखं वहीत उतरवून घेतलं. '५६००: जी नाही = ग्राफिक्स नाही' या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारली. ही लाल रेघ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

ग्राफिक्स कार्डावर मात्र माझा आणि भाच्याचा कडाक्याचा वाद झाला. मला कुठे तरी जुनं कार्ड निम्म्या किमतीत मिळत होतं. तो म्हणाला, "मामा, ते मायनिंगचं असणार." २०२१ मध्ये इथेरियम नावाचं आभासी नाणं पाडण्यासाठी लोकांनी खोल्या भरभरून ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस जुंपली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या नाण्याची पद्धतच बदलली, एका रात्रीत कार्डांचं काम गेलं, आणि ती सगळी 'घरगुती वापर, फक्त रविवारी' अशा जाहिराती लावून बाजारात आली. नवीनच घेतलं, आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं. २६ हजार. बायकोला आकडा सांगताना मी 'ते मुख्य मशीनच असतं गं' असं म्हटलं. वाक्य तसं खोटं नाही.

ही सगळी गोष्ट २०२३ ची. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव एआयवाल्यांच्या खरेदीमुळे भडकले, तेव्हा बायको म्हणाली, "वळं घेण्याऐवजी दोन रॅम घेऊन ठेवल्या असत्या तर?" तिच्या तोंडून रॅम हा शब्द आदराने निघालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्यालाही जमाना लोटला, पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे अजून मुंबईच्या त्या जुन्या गव्हर्नरच्याच नावाने रस्ता ओळखतात. दुकान म्हणजे एक काउंटर, काउंटरमागे छतापर्यंत खोकी आणि खोक्यांच्या मधोमध फोन कानाला लावलेला एक माणूस. मी वही उघडून यादी वाचायला लागलो. त्याने दोन ओळी ऐकून घेतल्या आणि विचारलं, "गेमिंग?"

"मुलाच्या अभ्यासासाठी," मी म्हटलं.

"हां, वोही," तो म्हणाला.

त्याच्याकडून मी आयुष्यभर पुरेल असा एक धडा मात्र घेतला. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, पैसे वाचवावेत म्हणून मी कॅबिनेटबरोबर येणाऱ्या साध्या एसएमपीएसवर बोट ठेवलं. त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. तो काही बोलला नाही. तो डबा त्याने माझ्या डाव्या हातात दिला आणि ६५० वॅटचा ब्राँझ रेटिंगवाला उजव्या हातात. डावा हात वर गेला, उजवा खाली आला. भाजीवालीकडे कलिंगड घेताना आपण जे करतो तेच. मी उजव्या हातातला घेतला.

रविवारी डायनिंग टेबलावर जुळणीला बसलो. भाचा व्हिडिओ कॉलवर, मुलगा स्क्रू मोजायला, मी सर्जन. त्या पिढीच्या प्रोसेसरला पोटाखाली १,३३१ पिना असतात, केसासारख्या. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. दाबायचं नाही, तो आपल्या वजनाने आत बसला पाहिजे. मी श्वास रोखला. तो बसला. मग प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट किती लावायची यावरून मुलाची आणि भाच्याची जुंपली. एक म्हणे मटारएवढी, दुसरा म्हणे फुलीच्या आकारात. बायको आतून म्हणाली, "फोडणीला घालताय का?" पंचवीस मिनिटांनी कूलर उलटा केला तर त्याच्या तळाला राखाडी पेस्टचा थर कंपनीतूनच लागून आलेला.

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये नऊ स्क्रूंनी घट्ट आवळून झाला, तेव्हा खोक्याच्या तळाशी एक चौकोनी पत्रा सापडला. हा मागच्या बाजूला बोर्डच्या आधी बसवायचा असतो. नऊ स्क्रू उघडले. पत्र्याने अंगठा कापला. नऊ स्क्रू पुन्हा लावले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. कॅबिनेटच्या पुढच्या बटणातून बारीक वायरींचा एक पुंजका येतो. पॉवर स्विच, रीसेट, हार्ड डिस्कचा दिवा, पॉवरच्या दिव्याचा अधिक आणि उणे वेगळा. प्रत्येकाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं काळं टोपण. ते बोर्डच्या अगदी खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर खोचायचं, आणि कुठलं कुठे हे तिथेच अशा अक्षरांत छापलेलं की माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याने हात टेकले. चष्म्यातून दिसेना, चष्म्यावरून दिसेना, चष्मा काढला तर बोर्डच दिसेना. शेवटी बायकोचा भुवयांचा प्लकर आणला. आईने स्लिपर घालून मोबाइलची बॅटरी धरली. मी टेबलाखाली आडवा. "डावीकडे," मुलगा म्हणे. "तुझ्या की माझ्या?" मी. या पाच टोपणांना एक तास दहा मिनिटं लागली. जगात माणसं चंद्रावर जातात आणि या वायरींचा एक सरळ प्लग कोणी करत नाही, याचा मला अजून राग आहे.

संध्याकाळी सात वाजता बटण दाबलं. पंखे फिरले. जांभळे, हिरवे, निळे दिवे असे धावायला लागले की समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी डोकावलं. आईने नमस्कार केला. आणि मॉनिटरवर एक छोटी चौकट इकडून तिकडे तरंगायला लागली: नो सिग्नल.

बोर्डच्या काठावर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. ज्याच्यापाशी दिवा अडला तो गुन्हेगार. आमचा डीरॅमपाशी, म्हणजे रॅमपाशी, अडला होता. भाचा म्हणाला, "रॅम काढ आणि खोडरबरने घास."

"अरे, नवीकोरी आहे!"

"तरी घास."

या देशात कॉम्प्युटर आले तेव्हापासून हा उपाय चालत आला आहे, त्यावर वाद घालू नये. घासली. पुन्हा बसवताना मात्र कळलं की रॅम नीट आत गेलीच नव्हती. तिथे बोर्ड वाकतोय की काय असं वाटेपर्यंत अंगठा दाबायचा असतो, मग 'कट्ट' असा आवाज येतो. प्रोसेसरला दाबायचं नाही आणि रॅमला दयामाया दाखवायची नाही. मी दोघांनाही फुलासारखं वागवलं होतं. दोनदा कट्ट झालं, डीरॅमचा दिवा विझला, टाळ्या पडल्या. स्क्रीनवर तीच चौकट तरंगत होती.

मग सुरू झाली ती रात्र. केबल बदलली. बोर्डवरचा नाण्यासारखा सेल काढून दहा मिनिटं बाहेर ठेवला, म्हणजे बायोस, मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, सगळं विसरून नव्याने सुरू होतो म्हणे. तो विसरला, मी नाही. ग्राफिक्स कार्ड काढून लावलं, त्याची आठ पिनांची वायर काढून लावली. साडेअकराला भाच्याचा फोन चार्जिंगअभावी बंद पडला, की त्याने केला, देव जाणे. बायकोने झोपायला जाताना शांतपणे विचारलं, "परत घेतात ना ते?" एवढं शांत ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच बोलायची.

दीड वाजता दुकानदाराला काय सांगायचं याची उजळणी करायला मी वही उघडली. पान आपोआप तिथेच उघडलं. लाल रेघ. दोनदा. '५६००: जी नाही = ग्राफिक्स नाही.'

मी उठून कॅबिनेटच्या मागे गेलो. मॉनिटरची केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये ऐटीत बसलेली. ज्या प्रोसेसरला चित्र काढताच येत नाही, त्याच्याकडे मी सहा तास चित्र मागत होतो. खाली एक वीत अंतरावर २६ हजारांचं ग्राफिक्स कार्ड सगळे पोर्ट उघडे टाकून वाट बघत होतं. मीच बॉटलनेक होतो. केबल काढून खाली खोचली. स्क्रीन उजळला.

सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "बायोसमध्ये गडबड होती. काढली." मुलाने कौतुकाने पाहिलं. भाच्याचा फोन आला. "मामा, खरं सांग, केबल मदरबोर्डला लावली होतीस ना?"

"आवाज तुटतोय रे तुझा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढचे तीन आठवडे मी येणाऱ्याजाणाऱ्याला मॉनिटरसमोर बसवून सांगत होतो, "बघा, १४४ हर्ट्झ, सेकंदाला १४४ चित्रं. डोळ्यांना किती मऊ वाटतं की नाही?" सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. दिवाळीत भाचा आला, त्याने सेटिंग उघडलं आणि मॉनिटर पहिल्या दिवसापासून ६० वर चालत असल्याचं दाखवलं. पाहुण्यांना मी काही कळवलेलं नाही.

आता संपलं असं वाटलं होतं. पण एका शनिवारी बायको कॅबिनेटवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायला गेली आणि किंचाळली. "मुंग्या आल्या हाताला!" मी अनवाणी पायाने हात लावून पाहिला. खरंच, पत्र्यावरून बोट फिरवलं की कोणी बारीक ब्रश फिरवतंय असं वाटत होतं. टेस्टर लावला तर लुकलुकला. ७६ हजार रुपये आणि शॉक फ्री.

एसएमपीएस सदोष असणार म्हणून मी पुन्हा ग्रँट रोडची तयारी केली, पण भाचा म्हणाला, आधी वायरमनला बोलाव. वायरमन आले. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट भिंतीवरचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या जाड भोकाला मागून वायरच नव्हती. "अर्थिंग ओढलेलंच नाही साहेब. तुमच्या सगळ्या बिल्डिंगला असंच असणार. हे भोक शोभेचं." प्लगची तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते ती आधी अर्थ लागावा म्हणून. आमच्याकडे ती एकोणीस वर्षं सगळ्यात आधी आत शिरून काहीच करत नव्हती. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर जमिनीत घालवायला बारीक कपॅसिटर असतात. जमिनीची वाटच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर तरंगत बसतो. करंट नगण्य, पण मुंग्या खऱ्या. म्हणजे मशीन उत्तम होतं, घर सदोष होतं.

मीटरपासून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत हिरवी वायर ओढायची, तर खर्च साडेसहा हजार. हे कुठल्याच यादीत नव्हतं. "अभ्यासासाठी," मी बायकोकडे बघून म्हटलं. ती हसली. आत्ता कुठे मला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

काम झाल्यावर वायरमननी टेस्टर कॅबिनेटला लावला, मग वॉशिंग मशीनला, मग फ्रिजला. कुठेच दिवा लागला नाही. तेव्हा दारात उभी असलेली आई म्हणाली, "म्हणजे तो फ्रिज आता चावणार नाही?"

"चावायचा?" मी.

"पहिल्यापासून. म्हणून तर स्लिपर."

एकोणीस वर्षं. मी विचारलं, अगं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही सगळे कामात असता. आणि स्लिपरने भागत होतं."

आता रात्री दहानंतर मुलगा क्लासची टेस्ट सोडवतो आणि मी हेडफोन लावून खेळायला बसतो. समोर कुठून तरी आलेली बारा-तेरा वर्षांची पोरं मला पहिल्या चाळीस सेकंदांत मारतात. मग पुढच्या डावाची वाट बघत मी पाणी प्यायला उठतो. स्वयंपाकघरात आई असते. फ्रिजकडे संशयाने बघत, स्लिपर घालून.