यंग थगचं 'बरळणं': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतकी वर्षं ख्याल ऐकणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या अटलांटाच्या यंग थग या रॅपरवरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचला, याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप असे: यंग थग गात नाही, बरळतो; यंत्राने आवाज सावरतो; बायकी झगा घालून लक्ष वेधतो; आणि खटल्यात अडकलेल्या गुन्हेगाराचं मी कौतुक करू नये.

बरळण्यापासून सुरुवात करतो, कारण माझा सगळा जीव तिथेच आहे. शब्द कळत नाहीत हे खरं. २०१४ मध्ये त्याचं 'लाइफस्टाइल' हे गाणं गाजलं तेव्हा अमेरिकेतही लोक त्यावरून टिंगल करत होते. पण तुम्ही तराणा ऐकता, विलंबितात एकेका अक्षरावर रेंगाळणारी बंदिश ऐकता. तिथे प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट धरत नाही. गाणारा समेवर कसा येतो ते ऐकता. तोच कान इथे लावा.

तो गातो त्या ट्रॅप या रॅपच्या शैलीत खाली ८०८ या ड्रम मशीनचा घुमणारा खर्ज असतो, वर हायहॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांची, भरधाव टिकटिक, आणि मधे भरपूर मोकळी जागा. टी. आय., गुची मेन हे अटलांटाचे आधीचे रॅपर त्या जागेत ठाम बोलायचे. थग तिथे कुजबुजतो, चिरकतो, एकाच ओळीत खालून वर उडी घेतो आणि दोन ओळींच्या फटीत स्वतःच स्वतःला साद घालतो. त्याचा 'बार्टर ६' (२०१५) हा संग्रह हेडफोन लावून ऐका. सुरुवातीच्या गाण्यातच व्हीझी या निर्मात्याने बीट, म्हणजे मागचा ताल-संगीताचा साचा, इतका विरळ ठेवलाय की या बारीक हाकाच लय पुढे नेतात. मग २०१६ च्या 'जेफरी' या संग्रहामधलं 'हरांबे' ऐका, तिथे तो घसा खरवडून ओरडतो. त्याच संग्रहात 'वायक्लिफ जाँ'मध्ये रेगेच्या अंगाने डुलतो. तुम्ही म्हणता ते यंत्र, ऑटोट्यून, तो उघडपणे वापरतो. पण ते यंत्र स्वर सरळ करतं. कुठे तुटायचं, कुठे बीटच्या मागे राहायचं, हे गाणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

झग्याचं थोडक्यात. तो 'जेफरी'च्या मुखपृष्ठावर आहे, इटालियन डिझायनर अलेस्सांद्रो त्रिंकोनेने केलेला. जेफरी हे त्याचं खरं नाव. अकरा भावंडांतला दहावा, अटलांटाच्या सरकारी वस्तीत वाढलेला मुलगा, मर्दानगीच्या जोरावर चालणाऱ्या रॅपच्या जगात आपल्या खऱ्या नावाच्या संग्रहावर असा उभा राहतो. लक्ष वेधायला यापेक्षा कमी जोखमीचे मार्ग त्याच्याकडे होते.

खटल्याबद्दल मात्र नेमकं बोलू. मे २०२२ मध्ये त्याला टोळीच्या कटाच्या आरोपावरून अटक झाली. नुसती ज्युरी निवडायला जवळपास दहा महिने गेले. ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्याने टोळी, अमली पदार्थ आणि शस्त्रांच्या काही आरोपांत गुन्हा कबूल केला आणि दोन आरोपांना विरोध केला नाही. तुरुंगात काढलेला काळ शिक्षेत धरून पंधरा वर्षांच्या प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली अटींवर, तो सुटला. म्हणजे तो निर्दोष ठरला असं मी म्हणत नाही. मला राग आहे तो त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून कोर्टात वाचल्या गेल्या याचा. गाण्यातला 'मी' म्हणजे कबुलीजबाब नव्हे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा केला. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात तसं संरक्षण त्याला मिळालं नाही.

एक मुद्दा तुम्ही ओझरता मांडलात, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला: बायकांबद्दल तो जे गातो ते. 'शब्द कळत नाहीत' ही तिथे सबब होऊ शकत नाही, कारण नीट ऐकलं की कळतात, आणि त्यातले बरेच किळस आणणारे आहेत. मूळ लेखात मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती. लिहायला हवी होती. आज रात्री तो परिच्छेद लेखात घालतो, तारखेसह.