कॅडबरीवाले, पुढे या!

सकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसवर, म्हणजे पुलावरच्या बसथांब्यावर, उपवनच्या बसची रांग लागते. मी वर्तकनगरला शाळेत शिकवते, त्यामुळे गेली अकरा वर्षं मी याच रांगेत आहे. पुरुष मोजकेच, तेही बहुतेक सिक्युरिटीच्या गणवेशातले. बाकी सगळ्या घरकामाला निघालेल्या बायका. दिव्याहून, मुंब्र्याहून, कळव्याहून लोकलने आलेल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, मुठीत मोजून ठेवलेले सुट्टे.

टेंभी नाका, खोपट मागे पडलं की कंडक्टर ओरडतो, “कॅडबरीवाले, पुढे या!” मग जेकेग्राम. तिथवर बस निम्मी रिकामी झालेली असते.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. कोपरीतून पूल ओलांडून पश्चिमेला यायचे आणि बस धरायचे. १९८९ साली ठाण्याची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली तेव्हा मी चौथीत होते. सुट्टीत कधीतरी मीही त्यांच्याबरोबर जायचे. तेव्हा बस पुरुषांनी खच्चून भरलेली असायची, कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास. थांब्यांची नावं म्हणजे कंपन्यांचीच नावं : नितीन कंपनी, मॉडेला, गोल्डन डाईज, कॅडबरी. मला वाटायचं, सगळ्या गावांत थांब्यांना अशीच नावं असतात.

रेमंडची गिरणी १९२५ची. पोखरण रोडला तिच्या जमिनीवर आज टॉवर आहेत. कोलशेतला क्लॅरिअंट या रसायन कंपनीच्या जागेवरही टॉवरच. नावं मात्र चिवट निघाली, मेट्रो ४च्या स्टेशनांतही ‘कॅडबरी जंक्शन’ आहे. जुन्या ठाण्याचे फोटो सोशल मीडियावर कुणी टाकले की मीही थांबून बघते. पण मला सलतं ते दुसरंच. थांबे तेच, सकाळची वेळ तीच, उतरणारी माणसंही कामावरच निघालेली. त्यांच्या खिशातलं कार्ड तेवढं गेलं.

१९९३ला वडिलांचं बोट लेथमध्ये सापडलं. कंपनी लहान, पगार बेताचा, पण ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं. वागळेच्या कामगार हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, दोन महिने ते घरी होते आणि त्या दिवसांचे पैसेही मिळाले. आईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आजही ईएसआयमध्ये कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, सव्वातीन टक्के मालक भरतो. एवढ्याशा पैशांत एक घर कोसळायचं वाचतं, हे मी पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी दिसेनाशा झाल्या. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा उजवं मनगट वाकडं होतं. एकविसाव्या मजल्यावर लादी पुसताना घसरल्या. त्या घरून दोन हजार मिळाले आणि चौथ्या दिवशी तिथे दुसरी बाई लागली. पाच घरांपैकी तीन सुटली. “रागवायचं कुणावर बाई? त्यांनाही ऑफिस असतं,” असं त्याच मला म्हणाल्या.

घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण ईएसआय लागतो तो ठरावीक संख्येने माणसं कामाला असतील अशा ठिकाणी, आणि घर काही त्यात मोडत नाही. एकेका संकुलात मात्र कारखान्याच्या पाळीइतक्या बायका आत जातात. गेटवर त्यांचा फोटो असतो, येण्याजाण्याची वेळ ॲपमध्ये पडते. वडिलांचं नाव हजेरीपटावर होतं म्हणून त्यांना रजा होती, बोनस होता, फंड होता. या बायकांची नुसती हजेरीच घेतली जाते. याची मला मनापासून चीड येते.

आमची कोपरीची सोसायटी छत्तीस घरांची. येत्या सभेत मी ठराव मांडतेय : महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस आणि आजारपणासाठी दर घरामागे दरमहा शंभर रुपयांचा निधी. सेक्रेटरी काका म्हणाले, “हे ज्याने त्याने आपल्या घरी बघावं.” मी म्हटलं, “काका, एक बाई आपल्याकडे सात घरी जाते. पडली तर कुठल्या घराने बघायचं?” ते म्हणाले, विषयपत्रिकेत घेतो. तुमच्या सोसायटीत असं काही केलं असेल तर मला सविस्तर कळवा, मसुदा करताना उपयोग होईल.

मावशी आता पुन्हा त्याच बसला असतात. कॅडबरी आलं की पिशवी उजव्या कोपरात अडकवतात आणि डाव्या हाताने दांडा धरून उतरतात.